कार्ड घेतले, पण त्याला पोसणार कोण?

जळगावात हौसेने जोडून घेतलेला एखादा गेमिंग पीसी 'गेम सुरू केला की बंद पडतो' या तक्रारीसह माझ्याकडे आला की, मी आधी झाकण काढून पॉवर सप्लायवरचे (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे) लेबल वाचतो आणि दर वेळी कपाळाला हात लावतो. गेल्या आठवड्यात भुसावळच्या आतेभावाच्या पीसीत आरटीएक्स ४०९० होते, म्हणजे एकटे ४५० वॅट खाणारे ग्राफिक्स कार्ड, आणि त्याला पोसायला कधी नावही न ऐकलेला ६५० वॅटचा डबा. कार्ड बनवणारी एनव्हिडिया कंपनी यासाठी किमान ८५० वॅटचा पॉवर सप्लाय सांगते, असे दुकानदाराला फोनवर म्हटले, तर उत्तर आले, "भाऊ, ४५० गेले तरी २०० उरतात ना!" (प्रोसेसर बहुधा हवेवर चालत असावा.) हे कार्ड क्षणभर आपल्या मर्यादेच्या बरेच वर उसळी घेते, हे या वजाबाकीत कुठे बसवायचे?

त्यातही पॉवर सप्लायच्या केबलच्या आठ पिनच्या एका तोंडाची मर्यादा १५० वॅट असताना, एकाच केबलला फुटलेली दोन्ही टोके कार्डाला जोडणाऱ्या अडॅप्टरमध्ये खुपसलेली होती, आणि त्या अडॅप्टरचा कार्डात जाणारा सोळा पिनचा कनेक्टर नखभर बाहेरच राहिला होता. २०२२ मध्ये असेच अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याचा केवढा गवगवा झाला होता!

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा असल्या डब्याचा दम आणखी कमी होतो, आणि आतेभाऊ एकट्या कार्डालाही न पुरणाऱ्या यूपीएसबद्दल विचारतो, "दादा, ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल ना?"