प्रिंटरमध्ये सुरी घालण्याआधी हे वाचा

“लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला? मेकॅनिक लुटतात, हे चार घरगुती उपाय करा” असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. फिरत फिरत तो माझ्या मावसबहिणीकडे आला. ठाण्यात कोर्टनाक्याजवळ तिचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. ॲफिडेव्हिट, भाडेकरार, सगळं एका जुन्या लेझर प्रिंटरवर चालतं. “दादा, रोलरला कुठली पावडर लावू?” असा तिचा फोन आला, तेव्हा मात्र राहवेना. माझा धंदाच प्रिंटर दुरुस्तीचा आहे.

सगळ्यात घातक उपाय दुसरा: “प्रिंटर चालू ठेवून पातळ सुरीने किंवा स्टीलच्या पट्टीने मागून कागद काढा.” अहो, मागे फ्युजर असतो! टोनर म्हणजे बारीक प्लॅस्टिकची पूड. ती वितळवून कागदावर बसवायला फ्युजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. बऱ्याच लहान मशिनांत ही उष्णता एका पातळ फिल्ममधून कागदाला मिळते. आम्ही तिला टेफ्लॉन म्हणतो. तिला सुरीचं टोक लागलं की ओरखडा पडतो आणि फिल्म गोल फिरत असल्याने तोच डाग पानावर ठरावीक अंतराने उमटत राहतो. चीर वाढली की फिल्म चुरगळते आणि मग कागद रोजच अडकायला लागतो. एचपीच्या लेझरजेटच्या पुस्तिका उघडून बघा: अडकलेला कागद काढायला टोकदार वस्तू वापरू नका, असं त्यात स्पष्ट बजावलंय. मशीन बनवणाऱ्यांचं ऐकायचं की फॉरवर्ड करणाऱ्यांचं?

आधी स्विच बंद करा, वायर काढा, फ्युजर निवू द्या. टोनरचं कार्ट्रिज (डबा) काढून कापडाखाली झाकून ठेवा, त्यातल्या ड्रमला, म्हणजे छपाईच्या नळकांड्याला, उजेड सोसत नाही. आतल्या काळ्या, स्पंजसारख्या रोलरला बोट लावू नका. मग कागदाच्या दोन्ही कडा दोन्ही हातांनी धरून सरळ, सावकाश ओढा. फाटलाच तर तुकडे टेबलावर जुळवून पान पूर्ण होतंय का ते पाहा. नखाएवढा कोपरा आत राहिला तरी तो सेन्सरची छोटी प्लॅस्टिकची दांडी दाबून धरतो, आणि आत कागद नसतानाही मशीन जॅम दाखवत राहतं. तिसरा उपाय, “बंद करून चालू करा”, अशा वेळी काहीच कामाचा नाही.

आता पावडर. पहिला उपाय म्हणतो, रोलरला टाल्कम पावडर किंवा शिलाई मशीनचं तेल लावा, कागद सरसर जाईल. हा रोलर म्हणजे तो स्पंजसारखा नव्हे, ट्रेमधून कागद उचलणारा. त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं, त्याची पकड गेलेली असते, म्हणून तर कागद अडकतो. त्यावर पावडर लावली की उरलीसुरली पकडही जाते. तेलाने रबर फुगतं, शिवाय ते कागदावर उतरतं. कोर्टात द्यायच्या कागदावर तेलाचा डाग कोण चालवून घेईल? स्वच्छ सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा, रोलर हाताने फिरवत पुसा, वाळू द्या. तरीही कागद उचलला नाही तर रोलर आणि त्याखालचं पॅड बदला.

चौथा उपाय म्हणतो, कागदाला इस्त्री करा. त्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो, वळतो आणि अडकतो. पण त्यासाठी इस्त्री कशाला? फोडलेलं रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि ट्रेमध्ये दिवसभर पुरतील एवढेच कागद घाला.

राहिलं मेकॅनिक लुटतात ते. काही जण लुटतात, नाही कशाला म्हणू? रोलर नुसता पुसून नव्याचे पैसे घेणारे आमच्या धंद्यात आहेत. म्हणून काम तुमच्यासमोर करायला सांगा आणि काढलेला जुना रोलर मागून घ्या. खरंच बदलला असेल तर तो द्यायला कुणी का-कू करणार नाही.