शहर बुडतं जुलैत, मोजणी जानेवारीत

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या टाऊनशिपचा पर्यावरण आघात अहवाल, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते सांगणारा अहवाल, उघडा. हवा, पाणी, माती, आवाज, सगळं मोजलेलं. कधी? पावसाळा सोडून! एका हंगामाची, तीनेक महिन्यांची नोंद चालते, फक्त ती पावसाळ्यातली नको. अहो, घोडबंदरचे नाले मार्चमध्ये तुंबतात का?

पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या केंद्रीय अधिसूचनेतल्या अर्जात, फॉर्म १मध्ये, चक्क विचारलंय: पूर, ढगफुटीचा धोका आहे का? बांधकामांसाठीच्या फॉर्म १-एमध्ये उष्णतेच्या बेटाचाही, म्हणजे काँक्रीटमुळे आजूबाजूपेक्षा जास्त तापणाऱ्या भागाचाही, प्रश्न आहे. पण उत्तरं मागच्या प्रकल्पातून उचलून चिकटवायची, कधीकधी तर जुन्या प्लॉटच्या नावासकट.

गणित अवघड नाही हो. एक हेक्टर प्लॉट, तासाला ५० मिमी पाऊस. माती उघडी असताना साधारण ३० टक्के पाणी वाहतं, म्हणजे १५० घनमीटर. काँक्रीट ओतलं की ९० टक्के, म्हणजे ४५०. दहा हजार लिटरचे ४५ टँकर, एका तासात! पाऊस १०० मिमीचा झाला तर दुप्पट. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तरी पाइपाचा व्यास ठरतो जुन्याच सरासरीवर. वर पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डे दाखवायचे. खाडीकाठच्या चिकणमातीत जुलैत भूजल हाताला लागतं, खड्डा आधीच भरलेला. शोषणार काय, कपाळ?

अहवालाचं जग कंपाउंड वॉलला संपतं. पुढे एकच ओळ: 'पाणी पालिकेच्या नाल्यात सोडले जाईल.' त्याच नाल्यात आणखी किती टॉवर सोडणार, ही बेरीज कोणी करत नाही. नवी मुंबईत तर नाला धारण तलावात जातो. भरतीला खाडीकडची झडप बंद, पाणी तलावात थांबायचं, ओहोटीला बाहेर. हेक्टरभर तलावात मीटरभर गाळ साचला की १०,००० घनमीटर जागा गेली, म्हणजे असल्या बावीस प्लॉटचं तासाभराचं पाणी. त्या गाळात खारफुटी उगवली की हायकोर्टाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. समुद्र वीतभर चढला तर झडप आणखी उशिरा उघडणार. भरतीची वेळ आणि तासाचा पाऊस एका आलेखावर मांडा, एवढंच मागणं आहे. अर्ध्या दिवसाचं काम!

ते नाही. त्याऐवजी मुरमाचा भराव टाकून प्लॉट चार फूट वर घ्यायचा. पाणी शेजारच्या गावठाणात. आणि गावठाणाला विचारायचंही नाही, कारण इमारत प्रकल्पांना जनसुनावणी माफ.