कंपाउंडला कसली आलीय परवानगी?

आज सकाळी एका कोपऱ्यावरच्या बंगल्याची नवीकोरी कंपाउंड वॉल ब्रेकर लावून फोडली गेली. अजून रंगसुद्धा लागला नव्हता. घरच्या काकू फाटकापाशी उभ्या होत्या. हातात ठेकेदाराने दिलेला वहीचा कागद. त्यावर निळ्या पेनने लांबी, उंची, विटांची जाडी, आणि सगळ्यात खाली दोनदा रेघ मारून लिहिलेलं: "परवानगी लागत नाही."

तो कागद डोळ्यांसमोरून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

लागते हो. राज्याच्या २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात तिच्यात, 'इमारत' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीला घालायची भिंतसुद्धा येते. मुंबईची नियमावली वेगळी आहे, पण तिथेही भिंत म्हणजे कुणी मनाला येईल तशी उभी करायची गोष्ट नाही. तारेचं कुंपण, जुन्या भिंतीची डागडुजी, याला काय लागतं ते आपल्या नगरपालिकेत लेखी विचारावं आणि लेखीच उत्तर घ्यावं. ठेकेदाराच्या शब्दावर कुदळ मारू नये.

काकूंच्या भिंतीत नेमकं काय चुकलं ते सांगतो, कारण बऱ्याच भिंतींचं हेच होतं. प्लॉट रस्त्यापेक्षा खोलगट. पाणी साचतं म्हणून आत रस्त्याच्या वर दोन फूट येईल इतका मुरूम भरला. गवंड्याने टेप लावली ती आतल्या भरणीवर, आणि साडेचार फूट भिंत उभी केली. आतून दिसायला सोज्वळ. रस्त्यावरून मोजली तर साडेसहा फूट! नियम सांगतो की समोरच्या भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजायची, आणि ती १.५ मीटरच्या वर जाता कामा नये. म्हणजे पाच फुटांना एक इंच कमी. जास्त हवी असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा ग्रिलचा, आरपार दिसणारा हवा आणि त्याचं डिझाइन मंजूर करून घ्यायचं. लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन रस्त्याची मध्यरेषा आणि भिंतीची जागा यांतला फरक काढायला दोन माणसांना अर्धा तास पुरतो. तेवढा अर्धा तास कुणी दिला नाही.

बरं, प्लॉट कोपऱ्याचा. तिथे नियम आणखी कडक. चौकाकडच्या दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे जेमतेम अडीच फूट. त्यावर उरलेला ०.७५ मीटर हवा तर रेलिंग लावा, म्हणजे वळणारा गाडीवाला आणि सायकलवरचं पोर एकमेकांना दिसतील. इथे कोपऱ्यापर्यंत सलग विटा! तक्रार शेजाऱ्यांनी केली. काकूंना त्याचं वाईट वाटलं, मलाही आधी रागच आला होता. पण त्या वळणावर उभं राहून पाहिलं तर पलीकडची गाडी अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नव्हती. शेजाऱ्यांचं बरोबर होतं, काय करणार.

आणि फाटक. आत दोन फूट चढ, म्हणून फाटक आत उघडेना. ठेकेदाराने बिजागऱ्या फिरवून ते रस्त्यावर उघडणारं केलं. फाटक पूर्णपणे आपल्याच हद्दीत उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही, हेही नियमात स्वच्छ लिहिलंय. चढ असेल तर सरकतं फाटक लावा, किंवा फाटक आत घ्या.

आता क्रम सांगतो, कारण सगळा घोळ क्रमाचा आहे. आधी मोजणी. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, ऑनलाइन होतो. लगतच्या धारकांना नोटिसा जातात. त्या दिवशी शेजारी हजर राहील असं पाहा, नंतरची भांडणं तिथेच निम्मी मिटतात. भूकरमापक खुणा दाखवतो तेव्हा लगेच पक्के दगड किंवा लोखंडी गज रोवून घ्या. चुन्याच्या खुणा पहिल्या पावसात जातात. मग 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, हातात घ्यायची. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, पण ती भिंत बांधायच्या आधी मागायची!

दुसरं, विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला. समोरचा रस्ता आज ६ मीटर दिसतो, पण आराखड्यात तो ९ किंवा १२ मीटरचा असेल तर भिंत मागे घ्यावी लागणार. हे न बघता बांधलेली भिंत रुंदीकरणात जाते.

मग नकाशा. परवानाधारक अभियंता किंवा आर्किटेक्टकडून १:५०० चा साइट प्लॅन, भिंतीचा छेद, पाया, फाटकाची जागा आणि उघडण्याची दिशा, रस्त्याच्या मध्यापासूनच्या लेव्हल. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, लेआउट मंजुरी, मोजणी नकाशा. अर्ज एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४४ खाली. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मानीव, म्हणजे मिळाल्यासारखीच धरतात, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. न बसणाऱ्या भिंतीला ६०० दिवसांनीही ती मिळत नाही. हो, खेटे घालावे लागतात, त्रुटीची पत्रं हप्त्याहप्त्याने येतात, मान्य. म्हणून भिंत पाडून घेणं स्वस्त पडतं का?

पायाचं तर कुणी बोलतच नाही. ९ इंची भिंत हद्दीच्या रेषेला चिकटवून बांधली आणि खाली ६०० मिमी रुंद पाया मध्यभागी घेतला, तर पाया शेजाऱ्याच्या जमिनीत १८५ मिमी जातो. वरून भिंत आपल्या हद्दीत, खालून सव्वासात इंच अतिक्रमण! काकूंच्या शेजारच्या बाजूला खणल्यावर हेच निघालं. एक तर भिंत तेवढी आत घ्या, नाहीतर पाया एकाच बाजूला काढून त्याचं डिझाइन करून घ्या. कोपिंगचं, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या थराचं पाणीही आपल्याच अंगणात पडेल असा उतार द्या.

आणि ती दोन फुटांची भरणी. तिचा सगळा दाब विटांच्या भिंतीवर येतो. पावसात भरणी भिजली की दाब आणखी वाढतो. पाणी जायला भोकं ठेवलेली नव्हती, एकही नाही. अशा भिंतीला तळाशी पाइप टाकून पाणी काढून द्यावं लागतं, भरणीपुरता भाग काँक्रीटचा, माती अडवणारा म्हणून डिझाइन करावा लागतो, आणि खाली काळी माती असेल तर ती काढून मुरुमापर्यंत जावं लागतं. २०१९ च्या जूनअखेरीस पुण्यात कोंढव्यात कंपाउंडची भिंत कोसळली आणि १५ जण गेले. झोपेत होते. त्यामुळे "भिंत ती काय" असं माझ्यासमोर तरी कुणी म्हणू नका.

काकूंवर मात्र राग निघत नाही. त्यांनी विचारलं होतं. परवानगी लागते का, असं स्वतः विचारलं, म्हणून तर त्या कागदावर उत्तर लिहून मिळालं. विचारणाऱ्या माणसाला खोटं लिहून देणारा तो ठेकेदार आज फोन उचलत नाहीये. कामाच्या करारात "मंजूर नकाशाप्रमाणे" हे दोन शब्द घाला आणि मंजूर प्रत हातात आल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नका.

कुणाला त्याच एमआरटीपी कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवानगी बांधकाम पाडायची नोटीस आली असेल तर हातपाय गाळू नका, आणि ती खिशातही ठेवू नका. नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत पाडापाडी थांबते. जो भाग नियमात बसतो तो वाचतो. काकूंनी नोटीस देवघरात ठेवली आणि मुदत गेली.

मागची भिंत वाचलीय. तिच्या उंचीची तक्रार नव्हती, पायाही आतच आहे. कोपऱ्यावर आता अडीच फूट वीट आणि वर रेलिंग येईल, फाटक सरकतं होईल, भरणीच्या तळाला पाइप पडतील. या वेळी आधी नकाशा जाणार आहे. तो वहीचा कागद काकूंनी फाडला नाही, फाइलमध्ये लावलाय, मोजणीच्या 'क' प्रतीच्या मागे.