कुरियरच्या पैशावर 18 टक्के? तो मेसेज पुढे पाठवू नका

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गिऱ्हाईकाकडून घेतलेल्या कुरियर चार्जवर वेगळा 18 टक्के जीएसटी लावा.’ परवा मीही तो पुढे ढकलला होता, न वाचता. चूक माझीच.

सीजीएसटी (केंद्राच्या जीएसटी) कायद्याचं कलम 15 बघितलं. माल पोचवायचा खर्च विकणाराच बिलात लावत असेल तर तो मालाच्या किमतीतच धरतात आणि दर मालाचाच लागतो. 1200 ची साडी, 80 कुरियर: 1280 वर 5 टक्के, म्हणजे 64 रुपये. मेसेजप्रमाणे 74 रुपये 40 पैसे होतात. कोल्हापूर, चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात पाठवलं तर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी), पण दर तोच.

मग 18 आले कुठून? कुरियरवाला आपल्याला जे बिल देतो त्यावर 18 टक्के असतात. नेमका तिथंच घोळ झालाय. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो.

आणि ज्यांची नोंदणीच नाही किंवा जे कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत) आहेत, त्यांनी गिऱ्हाईकाकडून जीएसटी घ्यायचाच नाही, साडीवरही नाही आणि कुरियरवरही नाही.

जुना मेसेज जिथं पाठवला असेल तिथं हा टाका.