गोगलगायीची आठवण सुईतून दुसरीत गेली?

‘शास्त्रज्ञांनी एका गोगलगायीची आठवण काढून दुसरीत घातली, आता माणसाचा नंबर!’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. सोबत दोन पुरवण्या असतात: आठवणी चेतापेशींमधल्या जोडण्यांत नसतातच, आणि अल्झायमरवर लवकरच इंजेक्शन येणार.

प्रयोग खरा आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड ग्लान्झमन यांच्या गटाने तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. प्राणी म्हणजे ॲप्लिसिया ही समुद्री गोगलगाय, जिच्यात जेमतेम २०,००० चेतापेशी असतात. तिच्या सायफनला, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला, हलकेच स्पर्श केला की ती नळी आत ओढते आणि सेकंदभरात पुन्हा सोडते. शेपटीला विजेचे झटके बसलेली गोगलगाय मात्र तेवढ्याच स्पर्शाने पन्नासेक सेकंद आखडून बसते. अशांच्या चेतासंस्थेतला आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप पेशीत पोचवणारा रेणू, झटके न बसलेल्यांना टोचला, तर त्याही सुमारे ४० सेकंद आखडल्या. झटके न बसलेल्यांचा आरएनए टोचला तेव्हा असं काही झालं नाही.

आता यात आठवण कुठली गेली? झटका कुठे बसला, कधी बसला, यातलं काहीच नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसला हा सरसकट सावधपणा. बशीत वाढवलेल्या पेशींवर तोच आरएनए टाकला तेव्हा स्पर्श टिपणाऱ्या पेशी जास्त उत्तेजनशील झाल्या, स्नायू हलवणाऱ्या झाल्या नाहीत. म्हणजे घंटीचं बटण हलकं झालं, इतकंच. शिवाय प्रत्येक गटात गोगलगायी होत्या सात. एवढ्यावर ‘आता माणूस’ म्हणायला धाडस लागतं!

जोडण्यांचं म्हणाल, तर ग्लान्झमन यांचं स्वतःचं मतही आठवण पेशीच्या केंद्रकात असते असंच आहे, हे मान्य. पण मत वेगळं, पुरावा वेगळा. याच ॲप्लिसियावर मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी आयुष्य घालवलं आणि २००० मध्ये नोबेल मिळवलं. एका झटक्याचा परिणाम काही मिनिटं टिकतो. झटके पुन्हापुन्हा दिले तर दिवसचे दिवस, आणि त्यासाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात. स्पर्श टिपणाऱ्या पेशींच्या जोडण्या तेव्हा जवळपास दुप्पट झालेल्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या गेल्या आहेत. २०१८ च्या प्रयोगाने त्या पुसल्या नाहीत.

अल्झायमरचा आशावाद खुद्द ग्लान्झमन यांनी बोलून दाखवला होता, औषध दाखवलं नव्हतं. त्या आजारात पेशीच मरतात.

खरी कसोटी दुसरीच आहे. सायफनच्या स्पर्शानंतर झटका, मँटलच्या, म्हणजे अंगावरच्या त्वचेच्या घडीच्या, स्पर्शानंतर नाही, हा फरक ॲप्लिसिया शिकते, हे १९८३ मध्येच दिसलं होतं. अशा शिकलेल्या गोगलगायीचा आरएनए टोचून दुसरी नेमकी सायफनच्याच स्पर्शाला घाबरली आणि मँटलच्या नाही, तर मग बोलू.