रुळाकाठचा पालक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

रेल्वे रुळाकाठी नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या पालकाच्या भाजीत कॅडमियम हा विषारी धातू उतरतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "एसीत बसून गरिबांच्या पोटावर पाय देणारे लेख लिहू नका, माती कुठे तपासली ते सांगा, आणि भाजी मिठाच्या पाण्यात धुतली की विषय संपला." मुद्दा मांडा ना, कोण नको म्हणतंय, पण ही काय बोलायची पद्धत झाली? एसी आमच्याकडे नाहीये, आणि असता तरी तुमच्या काकाचं काय गेलं असतं?

आता ते धुण्याचं. शिसं धुतल्याने बरंचसं जातं, हे मान्य, कारण ते मातीला चिकटून बसतं, मुळातून वर फारसं चढत नाही, पानावर असते ती धूळ. (पेट्रोलमधलं शिसं 2000 साली बंद झालं, पण रस्त्याकडेला पडलेलं जाणार कुठे, ते कुजत नाही की विरत नाही.) पण मी लेखात कॅडमियमबद्दल लिहिलं होतं आणि नेमकं तेच तुम्ही सोयीस्कर गाळलंत. कॅडमियम पालक मुळातून ओढून घेतो, पानाच्या आत. मीठ घाला नाहीतर अर्धा तास नळाखाली धरा, आत गेलेलं कसं निघणार? जपानात जिंत्सू नदीकाठच्या लोकांनी तांदूळ काय न धुता शिजवले होते? खाणीतलं कॅडमियम नदीतून शेतात आलं, तांदळात उतरलं, आणि बायकांची हाडं खोकल्यानेसुद्धा मोडायला लागली. इताई-इताई म्हणतात त्या आजाराला, तिथल्या सरकारने 1968 मध्ये कारण मान्य केलं. इथे तसं होईल असं मी म्हटलेलं नाही, परत नीट वाचा.

आणि मला हे शिकवू नका हो. माझे वडील कुर्ल्याला प्लेटिंगच्या कारखान्यात होते, नटबोल्टवर कॅडमियम चढवायचे, ते पिवळट चमकणारे बोल्ट आम्हा पोरांची खेळणी होती. टाक्या धुतलेलं पाणी मागच्या गटारात, गटार नाल्यात, आणि त्याच नाल्यात पंप टाकून पुढे माठ-पालकाचे वाफे. पप्पांच्या पँटला ॲसिडने पडलेली भोकं आई रफू करत बसायची. हे काय मी एसीत बसून वाचलं?

माती तपासणं हे लॅबचं काम, मी ब्लॉग लिहितो. राहिला गरिबांचा प्रश्न, तर ती स्वस्त जुडी संध्याकाळी स्टेशनबाहेर कोण घेतं ते एकदा उभं राहून बघा. आणि पुढच्या वेळी "एक वाचक" नको, नाव टाका, लेखही शेवटपर्यंत वाचा. चुना टाकून मातीची आम्लता कमी केली की पीक कॅडमियम कमी शोषतं, हे वाफेवाल्यांसाठीच लिहिलं होतं मी त्यात.