आधी मोजा, मग बदला!

गाडी जुनी, पेट्रोल इंजेक्शनवाली पिकअप. न्यूट्रलला थरथरते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद. झालं! लगेच सल्ले सुरू: प्लग बदला, इंजेक्टर बदला, ऑक्सिजन सेन्सर बदला, जमलंच तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही बदला. अहो, इंजिन आहे की लग्नघर, एकामागून एक आहेर करत सुटायला? पेट्रोलचा दाब मोजणारं फ्युएल प्रेशर गेज लावून बघितलं का कुणी? छे! आणि इंजिन हवा ओढतं त्या बाजूला जोडलेला तो व्हॅक्यूमचा रबरी पाइप? मऊ पडलाय, वळणावर चिरलाय, पण दिसेल तर शपथ. तिथून मापात न आलेली हवा आत घुसते, पेट्रोल कमी पडतं, धुरातला ऑक्सिजन मोजणारा बिचारा सेन्सर इमानदारीत तसं कळवतो. आणि शिक्षा कुणाला? त्यालाच! ईसीयूने दाखवलेल्या बिघाडाच्या कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच मेला, हे कुठलं शास्त्र? थ्रॉटल बॉडीत, म्हणजे हवेच्या झडपेच्या घरात काजळी, न्यूट्रलला हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह चिकटलेला, इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली. पण नव्या पार्टचा डबा फोडण्यातली मजा ब्रशने घासण्यात कुठली! वर शहाणपण काय, तर ‘गरम झाली की बघू.’ अरे, तोवर चालू राहिली तर ना!